घर मोकळं दिसलं पाहिजे

२ मार्च, सकाळ
नवी वही. सुरुवात घरच्यांच्या खुशालीने करावी. ही: गुडघा कालच्यासारखाच, बोलण्याला मात्र त्रास नाही. थोरली बहीण अक्का: ऐकायला कमी येतं, नको ते बरोबर येतं. चिरंजीव: पाठ धरली आहे. पॅसेजमध्ये झोपून, असं तो म्हणतो. उशीमुळे, असं मी म्हणतो. सूनबाई: पाचवा महिना, पाय सुजतात. नात टिकली: सर्दी, तरी बडबड चालू. मी: उत्तम. सहा माणसं, दोन खोल्या, सातवं वाटेवर.

५ मार्च
मोठी बातमी. मागच्या गल्लीत गोदाम पाडलं तिथे मध्यमवर्गीयांसाठी घरं होणार. निम्मा भार सरकार उचलणार, उरलेले हप्ते चिरंजीव. गरिबांना योजना असतात, श्रीमंतांना गरज नसते. मधल्यांना इतके दिवस विचारत होतं कोण? नंबर लागला तर चिरंजीवाचं बिऱ्हाड तिथे, आपल्या गॅलरीतून टिकलीची खिडकी दिसेल. नाहीतर बाळाच्या आधी आम्ही भाड्याने लांब जाणार, दोन बस बदलून, असं सूनबाईने सांगितलंय. शांतपणे सांगितलंय, म्हणजे खरं.
संकल्प: मध्ये पडायचं नाही.

९ मार्च
चिरंजीवाने फॉर्म भरला. मी तपासला. चूक सापडली नाही, तरी एक स्वल्पविराम घातला.

२१ मार्च
पत्र आलं. २६ला पाहणी. जिथे दाटी जास्त, त्यांचा नंबर आधी. चिरंजीव म्हणाला, बाबा, मला रजा नाही. घर आहे तसं राहू द्या, कशालाही हात लावू नका. मी हो म्हटलं. तो म्हणाला, नुसतं हो नको, ऐका. आता ऐकल्याशिवाय माणूस हो म्हणतो का?

२५ मार्च, दुपार
विचार केला. बत्तीस वर्षं दारोदार विजेचे मीटर वाचले. चपलांचे ढीग ओलांडले, वळकट्यांना अडखळलो, कुणी बस म्हणालं नाही. उद्या येणारा माणूस आपल्याच जातकुळीचा. त्याला टेकायला जागा नको? नियम कागदावर ठीक, पण घरी आलेल्याला आपण अडगळीत उभं करायचं? घर मोकळं दिसलं पाहिजे. माणूस प्रसन्न झाला की लेखणी आपोआप सरळ चालते.
हिला सांगितलं. ही म्हणाली, हात दाखवून अवलक्षण करू नका. मी म्हटलं, तुला ऑफिसातलं कळत नाही. ही म्हणाली, मला तुम्ही कळता, तेवढं पुरे.

२६ मार्च, सकाळी नऊ
शेजारच्या टायपिस्टबाईंकडे रवानगी: चार गाद्या, दोन ट्रंका, टिकलीचं दप्तर, पाळण्याचे सुटे भाग आणि अक्का. अक्का विचारत होती, मी काय अडगळ आहे का? म्हटलं, तासाभराचा प्रश्न आहे. सूनबाई टिकलीला घेऊन डॉक्टरकडे गेली आहे. आपसूकच सोय झाली. तिला आल्यावर सांगू.

२६ मार्च, दुपारी एक
फत्ते! पाहणीवाले पोरसवदा, सडपातळ, घामाघूम. मी खुर्ची दिली, पंखा दिला, चहा दिला. म्हणाले, आजोबा, सकाळपासून पहिल्यांदा बसलो. मी हिच्याकडे पाहिलं. हिने पाहिलं नाही.
मग विचारलं, बाकीची माणसं? म्हटलं, आहेत, इथेतिथे. रात्री कुठे झोपतात? म्हटलं, होते सगळ्यांची सोय. अडचण वाटते का? आता पाहुण्यापुढे रडगाणं गायचं म्हणजे... म्हटलं, छे, अडचण कसली, मनं मोठी हवीत. त्यांनी मान डोलावून लिहून घेतलं. अक्षर टपोरं असावं. चष्मा ट्रंकेबरोबर शेजारी गेला होता, म्हणून न वाचताच सही केली. त्यांच्यावर विश्वास बसला होता.

१८ एप्रिल
यादी लागली. आपलं नाव नाही. शेरा: ‘प्रत्यक्ष राहणारी माणसं दोन. जागा पुरेशी. अडचण नसल्याचे अर्जदाराच्या वडिलांनी सांगितले.’ हल्लीच्या पोरांना अनुभव नाही. सोज्वळपणा म्हणून काही असतो, तो ओळखता यायला हवा.
सूनबाईने टिकलीचे कपडे वेगळ्या बॅगेत भरायला घेतले. अक्का म्हणाली, दोनच माणसं? मग मी कोण? तेवढं मात्र बरोबर ऐकलं.

२० एप्रिल
अपील लिहिलं. अकरा पानं. पहिल्या चार पानांत माझी नोकरी. फेरपाहणी नक्की होणार. चिरंजीवाला म्हटलं, तोवर थांबा. तो म्हणाला, बाबा, बाळ थांबणार आहे का?

३० मे
टेम्पो आला. दोन फेऱ्या लागतील असं मी म्हटलं होतं, एकीतच मावलं. सामान बांधायला सगळ्यांत जास्त मदत मी केली. कुणी नको म्हणत होतं, तरी केली. टिकलीने खिडकीतून हात हलवला. उन्हामुळे डोळ्यांत पाणी आलं.

१२ जून, सकाळ
अपील मंजूर. आज फेरपाहणी. मी म्हणत नव्हतो? या वेळी सगळं खरं सांगायचं. चष्मा खिशात.

१२ जून, संध्याकाळ
तेच आले. मी दाटीचं वर्णन केलं: पॅसेजमधली झोप, पाळण्याला नसलेली जागा, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग दोन्ही खोल्या फिरून पाहिल्या. फिरायला भरपूर जागा होती. हळूच विचारलं, आजोबा, आज इथे कोण कोण राहतं? ही म्हणाली, आम्ही दोघं आणि वन्सं.
त्यांनी लिहिलं: तीन. म्हणाले, मागच्यापेक्षा एक वाढलं. मी वाचून सही केली.
चहा झाल्यावरही ते जरा वेळ बसून राहिले.

१३ जून
फोनवर टिकली दोन वाक्यांत पळते, म्हणून पत्र टाकलं. नक्कल इथे ठेवतो.
‘टिकले, तुमच्या घराला खिडक्या किती, तू कुठे झोपतेस, पाळणा कुठे बसवला, सगळं चित्र काढून पाठव. आजोबांना आता काही विचारत नाही कुणी, म्हणून तू विचार. पत्र मिळेल त्याच दिवशी उत्तर लिही. चार ओळीही चालतील, पण लवकर लिही.’