हवा भरायची टाकी

मंगळवार, मुलुंड

आज पुन्हा साकीनाक्याहून रिकाम्या हाताने परतलो. सईच्या एअर रायफलमध्ये घरीच हवा भरायची, एवढंच तर आहे. कॉम्प्रेसर घ्यावा तर आवाजाने खालचे काका वर येतील. टाकी घ्यावी तर ती भरून आणायला दर वेळी साकीनाका. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुम्हाला घ्यायचंच नाहीये." डोकंच फिरलं. महिनाभर वणवण मी करतोय आणि हा मला शिकवणार.

घरी येतो तर सई म्हणते, "बाबा, हातपंप मारा ना. मी मारला की नेम धरताना हात थरथरतो." मारला. पाठीची वाट लागली. तेवढा वेळ ती शेजारी बसून कॉलेजमधलं सगळं सांगत होती. एरवी तिच्या खोलीचं दार बंदच असतं.

त्या दुकानदाराला कसं कळलं?