आबांच्या बशीतला चहा

८ जाने.
सकाळी मिलिंदच्या चहात थेंब टाकले. पाचवा महिना. ना वास, ना चव. गोळी दिसली की हा माझा भाऊ ती मोरीत फेकायचा, म्हणून जळगावच्या डॉ.नी थेंब दिले. तेव्हाच म्हणाले होते, "ताई, जरा शांत झाला की त्याला सांगून टाका." शांत होऊन तीन महिने झाले. कानातले आवाज बंद. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जातोय. आता सांगून घरात आग लावू? जा, नाही सांगत.

१५ जाने.
आबा चोपड्याहून आम्हा लेकरांकडे राहायला आले तेव्हा धडधाकट होते. महिना झाला नाही तोच हात थरथरतोय, पाय ओढतात. भाकरी मोडता येईना. "मना हात मनं ऐकस नही," म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही.

१९ जाने.
मि. भिंतीशी पुटपुटत होता. हटकलं तर मलाच विचारतो, "अक्का, तू कोणाशी बोलतेय?" थेंब एकही सकाळ चुकलेले नाहीत. वाढवू का? डॉ.ना न विचारता नको.

२२ जाने.
आबांना इथेच धुळ्यात दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी हात वाकवून बघितले. "कंपवातासारखं आहे. मानसिक आजाराचं काही औषध चालू आहे यांना?" मी म्हणाले, "छे." अगदी ठणकावून.

२३ जाने.
एरवी चहा ओट्यावर देऊन मी भाकरीला बसते. आज पीठ संपलं म्हणून बाहेर आले. मिलिंदने आपला अर्धा चहा बशीत ओतला, आबांपुढे सरकवला. "ल्या, आबा."
"हे कधीपासून?"
"आबा आल्यापासून. तुझा बिनसाखरेचा त्यांच्या घशाखाली उतरत नाही. तू चिडशील म्हणून बोललो नाही."
आबांची साखर मीच बंद केली होती. म्हणजे निम्मं औषध आबांच्या पोटात, आणि याला निम्मंच.

२४ जाने.
जळगावला फोन. डॉ. म्हणाले, आबांच्या पोटात औषध जाणं थांबलं की हात हळूहळू सुधारेल, दोघांना उद्याच घेऊन या. मग विचारलं, "मिलिंदला तुम्ही सांगता की मी सांगू?"

२५ जाने.
सकाळी थेंब टाकले नाहीत. डाळीच्या डब्यामागची बाटली आणून ओट्यावर ठेवली, सगळं सांगितलं. मि. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. आबांच्या हाताकडे बघत राहिला.
"म्हणजे आबांना मीच पाजलं."
"तू नाही. मी."
बाटली खिशात टाकून आत गेला. स्टो पेटल्याचा आवाज. जन्मात कधी चहा केला नाही याने. एक कप घेऊन आला, माझ्यापुढे ठेवला. जळगावला चलशील का, मी विचारलं.
"आधी हा पी."
बाटली अजून त्याच्याच खिशात आहे. तो समोर बसलाय. तुझं लिहून होऊ दे, म्हणतो, मी थांबतो. चहावर साय धरलीय.