सुनेला विचारलं तेव्हा

आई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दिल्लीतल्या मयूर विहारच्या या स्वयंपाकघरात डिंक तळायला घेतला की तुमचा खास सासूचा आवाज येतोच, "आच मंद ठेव." या खेपेला लाडू तुमच्या नातवाच्या बायकोसाठी केले. ती मिझोरमची. तिने एक लाडू कसाबसा खाल्ला, थँक यू म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. बाळ रडत होतं, तिने मान वळवली नाही.

मीही आधी तुमच्यासारखीच शेक, मालिश, अळिवाची खीर यांतच गुंतले होते. मग एका दुपारी ती अगदी शांतपणे म्हणाली, "मम्मीजी, बेबी को आप रख लो. मेरे बिना ठीक रहेगा." त्याच संध्याकाळी तिला डॉक्टरकडे नेलं. तिथे डॉक्टरीणबाई विचारतायत तिला आणि उत्तरं देतायत आमचे चिरंजीव, "बस, थोडी थकी हुई है, मॅम." मी म्हटलं, "तू गप्प बस. तिला विचारलंय." पण तिलाही बोलता येईना. तिची हिंदी ऑफिसपुरती, तिच्यात असलं कसं सांगणार? शेवटी मुनिरकाला राहणाऱ्या तिच्या मावसबहिणीला बोलावून घेतलं. दोघी मिझोत बोलल्या. मला अक्षर कळलं नाही, पण सून पहिल्यांदाच रडली. तिला जगावंसं वाटत नाही, असं बहिणीने सांगितलं. हा बाळंतपणानंतरचा आजार आहे, उपचारांनी बरा होतो, असं डॉक्टर म्हणाल्या.

आता औषधं चालू आहेत. तिला एकटी सोडत नाही. बहीण आमच्याकडेच राहते, कोंबडी घालून मऊ भात करते, तो सून जेवते. तुमच्या ओट्यावर कोंबडी शिजते, रागावलात तरी इलाज नाही. चिरंजीव रजा काढून लंगोट बदलायला शिकलेत. आज तिने बाळाला आपणहून मागून घेतलं.

माझ्या वेळी तुम्ही काही कमी केलं नाहीत. पण मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे आणि तुम्ही दाराबाहेरून म्हणायचात, "पाणी वाया जातंय." तुम्हाला रडणं ऐकू यायचं, हे मला ठाऊक होतं. समोर असतात तर हे कधी बोलले नसते. पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहितेय. दोघी बहिणी बोलत बसल्या की मला बरं वाटतं. आणि खोटं कशाला सांगू, सुनेचा हेवाही वाटतो.