ऐकून राहिले ना?

अब्बा, घरात आपण दखनीच बोलायचो, पण हे मराठीत लिहितेय, कारण आपली सगळी भांडणं मराठीवरूनच झाली. नांदेडच्या त्या स्वयंपाकघरात मी तांब्या तोंडाशी धरून रेडिओ-रेडिओ खेळतेय, "नमस्कार, श्रोतेहो," अगदी पुणेरी, घासूनपुसून. आणि तुम्ही भाकरी मोडता मोडता खेकसता, "कुणाला बोलून राहिली तू? भिंतीला? समोर माणूस हाय असं बोल की!" अम्मी म्हणाली, "बच्ची है जी, जाने दो." मी फुगून बसले, जेवलेच नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही साहेबांना विचारून तुमच्या आकाशवाणी केंद्रावरचा भंगारात निघालेला माइक माझ्यासाठी घेऊन आलात. माफी बिफी मागणं तुमच्या स्वभावात नव्हतंच.

तुमचा संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम. तुरीवरची अळी असो की मोंढ्यातला भाव, मध्येच थांबून तुम्ही विचारायचात, "ऐकून राहिले ना?" साहेबलोकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या आणि गावोगाव माणसं खूश व्हायची. एकदा कंधारच्या बाजारात तुम्ही नुसतं "कोथिंबीर ताजी हाय का" विचारलं आणि म्हातारा भाजीवाला उठून उभाच राहिला, "अहो, हे तर रेडिओवाले भाऊ!" तुमचं नाव काय, जात कोणती, हे विचारायचं त्याला सुचलंसुद्धा नाही. मी तुमचा हात धरून अशी चालले, की बाजार आपल्याच बापाचा!

आता मी लातुरात क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. हसू नका. भूकंपानंतर हे गाव उठलं ते असं उठलं, की आता गल्लोगल्ली क्लास आणि होस्टेल. माझ्यापुढं औशाची, कंधारची, पार इस्लापूरची पोरं खच्चून बसलेली असतात, आणि अवघड गणित झालं की माझ्या तोंडून निघतंच, "ऐकून राहिले ना?" सगळा हॉल ओरडतो, "हाव!" मागच्या महिन्यात एकीनं विचारलं, "मॅडम, हे तुम्ही कुठून उचललं?" मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "थांबा, माझ्या अब्बांचा आवाजच आणून ऐकवते तुम्हाला."

आणि गेले की नांदेडला, पर्समध्ये पेनड्राइव्ह टाकून. केंद्रावरच्या पोरानं बिचाऱ्यानं सगळी कपाटं धुंडाळली. जुनी भजनं आहेत, पोवाडे आहेत, तुम्ही नाही. एक रीळसुद्धा नाही. मला रडूच फुटलं. मग त्यानं तुमच्या वेळच्या टेक्निशियनकाकांना फोन लावला. ते स्कूटरवरून आले, केस पांढरेफेक, मला बघून म्हणाले, "नाक बापाचंच हाय."

त्यांच्याकडून कळलं, अब्बा. किल्लारीकडं भूकंप झाला तेव्हा तुम्ही दोघं खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून दवाखान्या-दवाखान्यातून फिरत होतात. जखमी माणसांच्या तोंडून त्यांचा निरोप टेप करायचा आणि रेडिओवर लावायचा, म्हणजे कुठं कुठं पांगलेल्या नातेवाइकांना कळेल. काकांना एका बाईचा निरोप अजून पाठ आहे. "आप्पा, मी हाय. पाय मोडलाय, पर जित्ती हाय. लेकराला घेऊन या." आणि तिचा आप्पा आला म्हणे, लेकराला कडेवर घेऊन, रेडिओ ऐकून. दोन दिवसांत कोऱ्या टेपा संपल्या. जुन्या पुसून वापरायचं ठरलं. कुणीतरी जात्यावरच्या ओव्यांची रिळं काढली, तर तुम्ही आडवे आलात. "त्या बाया पुन्हा भेटायच्या न्हाईत. माझी पुसा. मी तर इथंच हाय, उद्या पुन्हा बोलतो." आणि कपाटातली तुमची सगळी रिळं स्वतःच्या हातानं काढून दिलीत. नंतर तुमचं बोलणं टेप न करता थेट जायचं, ते कोण जपणार? आणि मग तुम्हीच गेलात.

आधी तर तुमचा असा राग आला! घरी विचारायचं तरी. एखादं रीळ लेकीसाठी ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? पण एस.टी.त बसले, आणि ती बाई आठवली. "मी हाय." तुमच्या आवाजावरच तर तिचा आवाज चढला होता. लोहा मागं पडेपर्यंत माझी मान अशी ताठ झाली, की शेजारच्या मावशींनी विचारलं, "बाई, लेकीचा निकाल लागला काय?" मी म्हटलं, "बापाचा लागला."

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळं सांगितलं. म्हटलं, आवाज काही आणता आला नाही, असं असं झालं. मग मागच्या बाकावरून इस्लापूरचा एक पोरगा म्हणाला, "मॅडम, मग तुम्ही रोज बोलता ते कुणाचं हाय?"

हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकू? भंगारातल्या त्या माइकखाली ठेवून देईन, झालं. पण एक सांगते, कुणाला बोलू नका. तुम्ही जन्मभर विचारत राहिलात आणि स्टुडिओच्या काचेपलीकडून कधी उत्तर ऐकू आलं नाही. म्हणून हल्ली पोरं "हाव" म्हणाली तरी मी कानामागं हात धरते, ऐकूच आलं नाही असं सोंग करते, आणि पुन्हा विचारते. पोरं छप्पर फाटेल असं ओरडतात. ते दुसऱ्यांदाचं तुमच्यासाठी असतं.