भात पांढरा होता

देवास, मंगळवार, संध्याकाळ

आज धारला बापूसाहेबांच्या नव्या होम थिएटरमध्ये तो महागडा प्रोजेक्टर तपासला. काळा रंग खरोखर काळा, कडा साफ, पंख्याचा आवाज नाही. मशीनमध्ये खोट नाही. मग चेहऱ्यांचे रंग बघायला मी नेहमीसारखा घरचाच व्हिडिओ मागितला. मागायला नको होता.

त्यांनी नातवाच्या मुंजीचा लावला. मातृभोजनाच्या पानांवर काकू, म्हणजे बापूसाहेबांच्या पत्नी, भात वाढत होत्या. त्यानंतर काही महिन्यांतच त्या काविळीने गेल्या. भिंतभर पडद्यावर त्यांचे डोळे पिवळे दिसले. टीव्हीवर हे कधी कुणाला दिसलं नव्हतं.

बापूसाहेब हळूच म्हणाले, "काय रे, हिचे डोळे तेव्हाच असे होते? मी शेजारीच तर उभा होतो."

त्यांचा मुलगा घाईने माझ्याकडे वळला. "भिया, कलर में गडबड है ना? सांग ना बाबांना."

मी हो म्हणालो. मशीनचाच दोष आहे, उद्या येऊन ठीक करतो. बापूसाहेबांनी केवढा श्वास सोडला! "तरीच," म्हणाले.

पण भात पांढरा होता. त्याच पडद्यावर, काकूंच्याच हातातला. मशीन चुकलं असतं तर भातही पिवळा दिसला असता. हे त्यांच्या लक्षात आलं असेल का?

उद्या जावंच लागेल. पडद्यावरचा पिवळा रंग कमी करून काकूंचे डोळे पांढरे केले की भात निळा पडणार. बापूसाहेबांनी तेवढं भाताकडे बघू नये.