इंदूरला न गेलेल्या बहिणीचे मृत्युपत्र

मी सुलोचना रामाजी गुल्हाने, स्टेजवरची मिस चांदणी, वय एकाहत्तर (निवेदक चंद्रभानच्या मते कायम बावीस), 'चांदणी कला मंच' या नाचगाण्याच्या पार्टीची मालकीण, राहणार सिंदी मेघे, जि. वर्धा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे माहेर कारंजा (घाडगे), किराण्याचे दुकान. एकोणिसाव्या वर्षी तळेगावच्या यात्रेत आलेल्या पार्टीबरोबर मी नाचायला निघून गेले. तेव्हापासून घरचे लोकांना सांगतात, सुलोचना इंदूरला दिली. मी इंदूर अजून पाहिलेले नाही. आता सख्खे नातेवाईक म्हणजे थोरले भाऊ प्रभाकरराव, एवढेच.

२. पार्टी, तिची गाडी, पडदे आणि पितळी घंटा पार्टीत नाचणाऱ्या आचलला. ती माझ्यापेक्षा बरी नाचते, हे मी हयातीत बोलणार नाही. अटी दोन. गाडीत पुढच्या सीटवर मुली बसतील, ढोलकीवाले मागे. आणि मुलीच्या घरून फोन आला तर ती असेल त्या गावाचे खरे नाव सांगावे.

३. भावाचा मुलगा धर्मेंद्र हल्ली माझी तब्येत विचारायला येतो आणि खोल्या पावलांनी मोजतो. त्याला माझ्या शिवणाच्या डब्यातला टेप द्यावा.

४. चंद्रभानला त्याचा आवडता माइक आजच देऊन टाकला, म्हणजे तो साक्षीला मोकळा. वाटा घेणाऱ्याने साक्ष करू नये, असे वकीलबाईंनी बजावले आहे.

५. आता घर. आधी एक चिठ्ठी सांगते. तळेगावलाच, मी चाळिशीत असताना, फर्माईशींच्या गठ्ठ्यात एक बिननावाची निघाली. चंद्रभानने माइकवर वाचली: "बाईचा पाय दुखून राह्यला. तिले आता बसू द्या." मंडप हसला. मी अक्षर पाहिले. मला पाटीवर बाराखडी ज्याने गिरवून दिली, त्याचेच होते. मागे डोक्याला दुपट्टा गुंडाळून कोणीतरी घाईने बाहेर पडत होते. त्या हंगामानंतर मी घुंगरू सोडले आणि मालक जी बंद करायला निघाला होता ती पार्टी चालवायला घेतली. चिठ्ठी माझ्या कपाटात आहे. ती माझ्याबरोबर जाळावी.

तर घर प्रभाकररावांना. मात्र खाली दुसऱ्या साक्षीदाराची जागा कोरी ठेवली आहे. तिथे त्यांनी स्वतः येऊन आमचे नाते लिहिले आणि सही केली, तर घर त्यांना मिळणार नाही. ते पार्टीच्या मुलींना राहायला जाईल. आले नाहीत तर घर त्यांचे आणि मी इंदूरची. मग सहीला शेजारच्या विमलाबाई आहेत.

वकीलबाई म्हणाल्या, "कबूल करेल त्यालाच काही नाही? ही कसली अट?" म्हटले, घरासाठी तर धर्मेंद्रही मला आई म्हणेल. मला ते नको आहे.

ही अट मी भावाला फोनवर वाचून दाखवली.

"सुले, मले काऊन अडकवून राह्यली? या वयात लोक काय म्हणतीन?"

"भाऊ, मी इंदूरहून बोलून राह्यली. इथं तुले कोणी ओळखत नाई."

त्यांनी फोन ठेवला. सह्या रविवारी अकरा वाजता आहेत. हसत लिहिते आहे, पण घर त्यांना गेले तर मला फार वाईट वाटेल, आणि ते घरासाठी नसेल.

ठिकाण: सिंदी मेघे
दिनांक: १६ मार्च २०२५
सही: सुलोचना रामाजी गुल्हाने

साक्षीदार १: चंद्रभान, निवेदक, वर्धा. बाईंनी माझ्यासमोर सही केली. वय एकाहत्तर आज कळले.

साक्षीदार २: प्रभाकर रामाजी गुल्हाने, वय ७७, राहणार कारंजा (घाडगे). सुलोचना माझी सख्खी लहान बहीण आहे. ती इंदूरला कधीच नव्हती. पहिल्या बसनं आलो. धर्मेंद्रले सांगतलं नाई. चिठ्ठी मीच लिहिली होती.