वरचा जबडा

ता. ९ फेब्रुवारी

ती. दाजी,

तुम्हाला आणि ताईला नमस्कार. ताईचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ती करत नसणार, हे मी इथे बसून सांगतो. आम्ही सगळे मजेत. बोटीचं इंजिन बदललं. हिला हल्ली माझ्या कपड्यांवरचा माशांचा वास जाणवत नाही. सवय व्हायला वीस वर्षं लागली.

काल गळाच्या मासेमारीची स्पर्धा झाली. तपासनिसाच्या खुर्चीत, तुमच्या जागी, हे माझं चौथं वर्ष. तुम्ही शब्द टाकलात म्हणून ती खुर्ची मिळाली आणि मी साधे आभारही मानले नाहीत. आज मनापासून मानतो. गळाला आमिष लावण्यापासून सगळं तुम्हीच शिकवलंत. सुरमई आणि वाहू दोघांच्याही अंगावर पट्टे, मेल्यावर दोघांचेही फिके पडतात. "पट्टे सोड, जबडा बघ," असं म्हणून तुम्ही माझं बोट माशाच्या तोंडात घातलं होतंत. वाहूचा वरचा जबडाही हलतो, सुरमईचा नाही. बोट कापलं, पण धडा पक्का झाला.

तर काल एक दंतवैद्य वाहूच्या ढालीसाठी बर्फात ठेवलेला मासा घेऊन आले. लाकडासारखा कडक. म्हणाले, "वाहूच आहे हा. आयुष्यभर जबडेच बघतोय मी." सगळे हसले. पण कडक माशाचा जबडा हलवून बघणार कसा? आपल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांच्या बोटवाल्याला विचारलं, "वर काढला तेव्हा वरचा जबडा हलत होता का?"

त्यानं आधी गिऱ्हाइकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाही. सुरमई आहे."

दंतवैद्य तरातरा निघून गेले. आता ते त्याच्या बोटीवर पाय ठेवायचे नाहीत. मला मात्र त्या माणसाच्या नजरेला नजर देववेना.

दाजी, पाच वर्षांपूर्वी हाच प्रश्न तुम्ही मला विचारला होतात. माझाही मासा असाच बर्फात कडक झालेला. मी "हो" म्हणालो. खोटं बोललो. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत, माझ्या शब्दावर 'वाहू' लिहिलंत आणि ढाल मला मिळाली.

पुढच्या वर्षी कुणीतरी फोटो मोठा करून बघितला. अंगावरची रेघ शेपटीच्या बाजूला खाली वळलेली, म्हणजे सुरमई. वाहूची त्याच्या बरीच आधी वळते. मला ढाल परत करावी लागली, माझं तेवढंच गेलं. तुम्ही मला विचारलं होतंत, हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत. "डोळ्यांनी दगा दिला," एवढंच म्हणालात. "म्हाताऱ्याला दिसत नाही," म्हणत लोकांनी तुम्हाला घरी बसवलं. मी त्यांच्यातच उभा होतो. मान डोलावत होतो. आणि तुम्ही माझं नाव सुचवलंत!

आज सकाळी समितीला सगळं सांगितलं, लिहूनही दिलं. खुर्ची सोडली. "मग तपासणार कोण?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी तुमचं नाव घेतलं. पुढच्या आठवड्यात सचिव तुमच्याकडे येतील. त्यांना हाकलू नका, हाकलायचं तर मला हाकला.

ताईला तुम्ही काही बोलला नसणार. बोलला असतात, तर तिनं केव्हाच माझा कान धरला असता. हे पत्र तिला वाचून दाखवा. सगळं.

ज्याच्या शब्दावर तुम्ही विसंबलात,
तो तुमचा मेहुणा